नाताळच्या झाडाखालचा कथाकार : हान्स ख्रिश्चन अँडरसन

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा वाड्यावाड्यांवर नक्षत्रे लागलेली असतील. कुठे गोठा उभारण्यासाठी गवत आणि माती गोळा करण्याची धांदल चालली असेल. चवथीला आपल्याकडून नेवऱ्यांचे ताट शेजारी जाते आणि नाताळाला तेच ताट दोदोल नि बेबिंक घेऊन परत येते. हे आपल्या गोव्यात कोणाला सांगावे लागत नाही.

यंदा हस्तकलेच्या तासाला पाचवी ते सातवीच्या मुलांकडून आम्ही एक वेगळी वस्तू करून घेतली. दोन रंगांच्या घोटीव कागदांच्या पट्ट्या एकमेकींत विणून केलेले हृदय. मुलांनी ते घरी नेले आणि दुसऱ्या दिवशी दोन-तीन पालकांनी विचारले, की हे कोठले? आपल्याकडे असे कधी पाहिले नाही. त्याचे उत्तर चार ओळींत देता आले असते. पण ते हृदय ज्या माणसाच्या हातून आले त्याची हकीकत इतकी मोठी आणि आमच्या मते इतकी जवळची आहे, की या वेळचे चरित्राचे पान त्यालाच द्यावे असे आम्ही ठरवले. तो माणूस म्हणजे ‘कुरूप बदकाचे पिल्लू’ आणि ‘राजाचे नवे कपडे’ या गोष्टी लिहिणारा हान्स ख्रिश्चन अँडरसन. आपण त्याला हान्स अँडरसन म्हणतो. त्याच्या देशात मात्र त्याला नुसत्या आद्याक्षरांनी ओळखतात, ‘एच. सी.’ म्हणजे डॅनिश उच्चारात ‘हो-से’.

आधी त्याच्या देशातला नाताळ कसा असतो ते सांगतो, म्हणजे पुढचे नीट कळेल. डेन्मार्क हा उत्तर युरोपातला लहानसा देश. डिसेंबरात तिथे दुपारी साडेतीन-चारलाच अंधार पडतो. नाताळचा खरा सण तिथे २५ तारखेचा नसून २४ तारखेच्या संध्याकाळचा. आत मोठी माणसे झाड सजवून मेणबत्त्या लावतात आणि मुले बंद दाराबाहेर ताटकळत उभी असतात, ही तिथली जुनी रीत. दार उघडले की सगळे घर एकमेकांचे हात धरून झाडाभोवती फेर धरते आणि गाणी म्हणते. आजीपासून रांगत्या बाळापर्यंत कोणी सुटत नाही. आपल्या शिगम्याच्या किंवा फुगडीच्या फेराची आठवण यावी असा तो प्रकार आहे. अजूनही पुष्कळ घरांत झाडावर खऱ्या मेणबत्त्या लावतात आणि शेजारी पाण्याची बादली ठेवतात. झाडावर कागदी हृदये, खाऊ भरलेले कागदी शंकू आणि लाल-पांढऱ्या इवल्या राष्ट्रध्वजांच्या माळा असतात. जेवणाच्या शेवटी साय घातलेली गार तांदळाची खीर येते. तीत एकच अख्खा बदाम लपवलेला असतो. ज्याला तो मिळेल त्याला बक्षीस. बदाम मिळालेला माणूस तो गालात दडवून सगळ्यांना शेवटच्या घासापर्यंत खीर खायला लावतो.

आणि ‘निस्से’ला विसरून चालत नाही. निस्से हा लाल टोपीचा, करड्या कपड्यांतला, बोटभर दाढीचा बुटका. तो गोठ्यात किंवा माळ्यावर राहतो, घराची राखण करतो आणि नाताळच्या रात्री त्याला वाडगाभर भाताची पेज, वर लोण्याचा गोळा घालून, ठेवावी लागते. आमच्या आज्या-पणज्या राखणदाराला रोट ठेवीत. त्या गोष्टी ऐकलेल्या मुलांना निस्से परका वाटणार नाही. मान राखला तर तो गुरेढोरे सांभाळतो आणि लोणी विसरले तर खोड्या काढतो.

आता हान्सकडे येऊ. २ एप्रिल १८०५ रोजी फ्यून नावाच्या बेटावर, ओडेन्से या गावी त्याचा जन्म झाला. बाप चांभारकाम करी. आई लोकांचे कपडे धुई. बापाची एकच चैन होती, ती पुस्तकांची. तो मुलाला अरबी भाषेतल्या सुरस गोष्टी वाचून दाखवी. मुलासाठी त्याने एक खेळण्यातले नाटकघर बनवले होते आणि कात्रीने चित्रे कापून देई. घर म्हणजे एक खोली. तीतच बापाची बैठक, आईचा पलंग आणि मुलाचे अंथरूण.

या घरात नाताळचे झाड नव्हते. ते गरिबीमुळे नव्हते हे अर्धेच खरे. मुळात झाडाची चाल डेन्मार्कमध्ये तेव्हा आलेलीच नव्हती. ती जर्मनीकडून आली. १८०८ साली होल्स्टाइनबोर्ग नावाच्या एका जहागीरदारी वाड्यात पहिल्यांदा असे झाड उभे राहिले आणि १८११ साली राजधानी कोपनहेगनमधल्या एका घरात. त्या घराच्या खिडकीखाली लोक रस्त्यावर गर्दी करून ते दिवे लावलेले झाड पाहत होते म्हणतात. हान्स तेव्हा सहा वर्षांचा होता आणि ओडेन्सेत होता. म्हणजे आज ज्याच्या नावावाचून डॅनिश नाताळ पुरा होत नाही त्याने लहानपणी नाताळचे झाड पाहिलेलेच नसणार.

१८१२ साली बापाने पैशासाठी एका दुसऱ्याच्या मुलाच्या ऐवजी सैन्यात नाव घातले. नेपोलियनच्या लढायांचा तो काळ. लढाई पाहण्याआधीच तो परत आला, पण तब्येत खचली ती खचलीच. १८१६ मध्ये तो वारला. हान्स अकरा वर्षांचा होता. आई हिवाळ्यातही नदीच्या पाण्यात गुडघाभर उभी राहून कपडे धुई. ऊब येण्यासाठी दारूचा घोट घेई आणि गाव तिला नावे ठेवी. पुढे मुलाने मोठेपणी एका धोबिणीची गोष्ट लिहिली आणि गावाने जिला कुचकामी ठरवले होते ती कशी होती ते दाखवले. ही गोष्ट मुलांच्या संग्रहांत सहसा घेत नाहीत. आमच्या मते आठवी-नववीच्या मुलांनी ती मिळवून वाचावी.

आईच्या लहानपणाची एक आठवण हान्सच्या मनात घर करून बसली होती. तिला घरच्यांनी भीक मागायला पाठवले होते आणि मागण्याची लाज वाटून ती दिवसभर एका पुलाखाली रडत बसली होती. ही आठवण पुढे कुठे येते ते लक्षात ठेवा.

चौदाव्या वर्षी, सप्टेंबर १८१९ मध्ये, खिशात तेरा रिग्सडालर घेऊन हा मुलगा एकटा कोपनहेगनला गेला. त्याला नाटकात काम करायचे होते. उंच, किडकिडीत, नाक लांब, पाय मोठे आणि बोलणे खेडवळ. गाण्याच्या मास्तरांनी ठेवून घेतले तर आवाज फुटला. नाचाच्या वर्गात घेतले तर अंग वळेना. तीन वर्षे त्याने कसे दिवस काढले ते त्याचे त्यालाच ठाऊक. शेवटी राजाच्या नाट्यगृहाचे एक संचालक योनास कोलिन यांनी त्याच्यातले काहीतरी ओळखले. या मुलाला नाटक नको, आधी शाळा हवी असे त्यांनी ठरवले आणि राजाच्या तिजोरीतून त्याच्या शिक्षणाची सोय करून दिली.

इथे आम्ही थोडे थांबणार आहोत, कारण हे शाळेचे वार्तापत्र आहे. १८२२ साली स्लागेल्से गावच्या शाळेत सतरा वर्षांच्या हान्सला अकरा-बारा वर्षांच्या मुलांच्या बाकावर बसवले. ते एकवेळ ठीक. पण मुख्याध्यापक मायस्लिंग विद्वान असले तरी जिभेचे फार कडवट होते. सगळ्या वर्गासमोर त्याचा पाणउतारा करणे हा त्यांचा नित्यक्रम झाला. पुढे हान्सला त्यांच्याच घरी राहावे लागले. १८२६ मध्ये त्यांची बदली हेल्सिंगऑरला झाली तेव्हा त्याला तिकडेही जावे लागले, आणि थंडी, अपुरे जेवण व टोमणे यांनी तो अगदी रडकुंडीला आला. कविता लिहायची नाही अशी ताकीद होती. तरी त्याने एका मरणासन्न मुलावर कविता लिहिली. मुख्याध्यापकांनी ती टाकाऊ ठरवली. पुढे तीच कविता छापून आली आणि लोकांना अतिशय आवडली. शेवटी त्याच शाळेतल्या एका तरुण शिक्षकाने कोलिन यांना जाऊन सगळे सांगितले आणि १८२७ मध्ये त्याची सुटका झाली. त्या शिक्षकाचे नाव वेर्लिन. चरित्रांत त्याला एक-दोन ओळींपलीकडे जागा मिळत नाही, म्हणून इथे मुद्दाम लिहितो. म्हातारपणीही अँडरसनना मायस्लिंग स्वप्नात दिसत आणि ते दचकून जागे होत.

त्या शाळेतल्या दिवसांत एक नाताळ मात्र चांगला गेला. १८२५ च्या डिसेंबरात सुट्टीसाठी त्याला कोपनहेगनला, वुल्फ नावाच्या नौदल अधिकाऱ्याच्या घरी बोलावणे आले. हे गृहस्थ शेक्सपियरचे डॅनिश भाषांतर करीत. राजवाड्याच्या आवारात त्यांचे घर होते. धोबिणीचा मुलगा त्या घराच्या खिडकीतून खालचा चौक पाहत उभा राहिला.

शिक्षण संपले आणि अँडरसन लिहू लागले, पण स्वतःचे घर त्यांनी कधी केले नाही. लग्न झाले नाही. भाड्याच्या खोल्यांत नाही तर हॉटेलांत ते राहिले. जेवणाचे काय? तर आठवड्याचा एकेक वार एकेका कुटुंबाकडे. सोमवारी एक घर, मंगळवारी दुसरे. आपल्याकडे पूर्वी गरीब विद्यार्थी वार लावून जेवत, अगदी तसेच. फरक इतकाच, की युरोपभर नाव झाल्यावरही त्यांचे वार सुटले नाहीत. ही घरे त्यांना मनापासून बोलावीत, त्यांच्यावाचून त्यांना चैन पडत नसे. तरीही जेवण झाल्यावर टोपी उचलून आपल्या खोलीवर परत जायचे ते जायचेच.

कोलिन यांच्या घरी तर ते मुलासारखेच होते. पण ‘सारखे’ या शब्दात जे येते ते सगळे त्यांच्या वाट्याला आले. कोलिन यांचा मुलगा एडवर्ड हा त्यांचा जिवलग. १८३१ साली अँडरसननी त्याला पत्रातून विनंती केली, की आपण एकमेकांना आता अहो-जाहो न करता अरे-तुरे म्हणू या. डॅनिश भाषेतही आपल्यासारखेच ‘तू’ आणि ‘तुम्ही’ आहे. एडवर्डने सभ्य शब्दांत नकार दिला. पुढे ४४ वर्षे मैत्री टिकली. एडवर्डने त्यांचे हिशोब पाहिले, हस्तलिखिते तपासून दिली, पण शेवटपर्यंत दोघे ‘तुम्ही’वरच राहिले. मराठी माणसाला यातला सल समजावून सांगायला नको.

आठवड्याला सात वार असतात आणि ते वाटून घेता येतात. नाताळची संध्याकाळ मात्र एकच. त्या संध्याकाळी कोणाच्या दारात उभे राहायचे हा प्रश्न त्यांना जन्मभर पुरला.

१८३३ च्या डिसेंबरात ते रोममध्ये होते. तिथेच त्यांना पत्राने कळले, की आई ऑक्टोबरातच वारली. त्यानंतर थोड्याच दिवसांनी नाताळ आला. रोममधल्या डॅनिश, स्वीडिश आणि नॉर्वेजियन कलावंतांनी शहराच्या वेशीबाहेर बोर्गेझे बागेतल्या एका घरी सण केला. थोर शिल्पकार थोरवाल्सेनही होते. त्या रात्रीसाठी गाणे लिहिण्याचे काम अँडरसनकडे आले आणि त्यांनी ते लिहिले.

१८३५ च्या मे महिन्यात त्यांची मुलांसाठीच्या गोष्टींची पहिली पुस्तिका निघाली. चार गोष्टींची. दुसरी त्याच वर्षीच्या डिसेंबरात, नाताळच्या तोंडावर. पुढे वर्षानुवर्षे डिसेंबर आला की अँडरसनच्या नव्या गोष्टींची पुस्तिका दुकानात येई आणि झाडाखालच्या भेटींत तिची भर पडे. आपल्याकडे दिवाळी अंकांची वाट पाहतात तशीच ही वाट असणार. सुरुवातीला मात्र टीकाकारांनी त्यांना चांगलेच फैलावर घेतले. तक्रार अशी, की या गोष्टींत बोध नाही आणि भाषा लिहिल्यासारखी नसून बोलल्यासारखी आहे. बोलल्यासारखी भाषा हाच तर त्यांचा शोध होता! मुलांना समोर बसवून सांगावे तसे त्यांनी लिहिले, मध्येच श्वास घेत, मध्येच आवाज काढत.

ज्या एका माणसाने हे तेव्हाच ओळखले ते भौतिकशास्त्रज्ञ होते. दहावीच्या मुलांना ते ठाऊक असायला हवेत. तारेतून वीज वाहिली की शेजारची चुंबकसुई हलते, हे १८२० मध्ये दाखवून देणारे हान्स ख्रिश्चन ऑर्स्टेड. त्यांनी अँडरसनना सांगितले, की कादंबरीने तुमचे नाव होईल, पण अमर करतील त्या या गोष्टीच. खुद्द अँडरसनना तेव्हा ते पटले नव्हते. ऑर्स्टेड यांच्या घरचा नाताळ हा त्यांचा ठरलेला नाताळ. ते लवकर जात, झाड सजवायला मदत करीत आणि भेटवस्तूंसाठी गमतीच्या कविता रचून देत.

डिसेंबर १८४४ मध्ये त्यांनी एका फरच्या झाडाची गोष्ट छापली. रानातल्या कोवळ्या झाडाला मोठे होण्याची घाई असते. एका नाताळात त्याला तोडून शहरातल्या दिवाणखान्यात उभे करतात. रंगीत कागदाच्या जाळ्यांत खाऊ, सोनेरी मुलामा दिलेली सफरचंदे आणि अक्रोड, शंभरावर लाल, निळ्या, पांढऱ्या मेणबत्त्या, शेंड्यावर चकाकता तारा. दार उघडते, मुले आत घुसतात आणि बघता बघता झाड लुटून मोकळे होते. झाडाला वाटते, उद्या पुन्हा असेच. उद्या त्याला माळ्यावर टाकतात आणि पुढे एके दिवशी फोडून जाळतात. डॅनिश घरांतले झाड त्या काळी कसे सजवीत हे इतिहासकार आज याच गोष्टीवरून सांगतात. मुलांना आनंद देणाऱ्या सणाची गोष्ट लिहिताना सण संपल्यावर माळ्यावर पडलेल्या झाडाकडे ज्याचे लक्ष जाते, तो माणूस कोणत्या बाजूने तो सण पाहत होता हे वेगळे सांगायला नको.

पुढचे वर्ष १८४५. नोव्हेंबरात ते ग्रॉस्टेन येथील एका सरदाराच्या वाड्यात पाहुणे होते. एका पंचांगाच्या प्रकाशकाने तीन चित्रे पाठवली आणि त्यातल्या कोणत्याही एकावर गोष्ट लिहून द्या असे कळवले. एका चित्रात आगकाड्या विकणारी मुलगी होती. वाड्यातल्या उबदार खोलीत बसून अँडरसननी तिची गोष्ट लिहिली. वर्षाच्या शेवटच्या रात्री बर्फात अनवाणी फिरणारी मुलगी, घरी जावे तर बापाचा मार. ती ऊब घेण्यासाठी एकेक काडी ओढते. पहिल्या काडीत शेगडी दिसते, दुसरीत भाजलेले हंस, तिसरीत नाताळचे झाड आणि चौथीत आजी. पुलाखाली रडत बसलेली आई त्यांना हे लिहिताना आठवत होती, असे त्यांनी स्वतःच सांगून ठेवले आहे.

याच १८४५ साली, एक आपल्याकडची नोंद करून ठेवतो, डेन्मार्कने भारतातली आपली तरंगंबाडी आणि सेरामपूर ही ठाणी साडेबारा लाख रुपयांना इंग्रजांच्या कंपनीला विकली. तरंगंबाडी म्हणजे तंजावरच्या मराठी राज्याला लागून असलेले समुद्रकाठचे ठाणे. डॅनिश राजाच्या आश्रयाने तिथे मिशनरी येत. त्यांतलेच श्वार्ट्‌झ हे पुढे तंजावरच्या सरफोजी राजांचे गुरू झाले. त्या राजांनी तंजावरात छापखाना काढला आणि एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात इसापाच्या गोष्टी ‘बालबोध मुक्तावली’ या नावाने मराठीत छापल्या. म्हणजे ओडेन्सेत हान्स पाळण्यात होता त्याच सुमारास, घरापासून इतक्या दूर, मराठी मुलांसाठी गोष्टींचे पुस्तक छापून तयार होत होते. महाराष्ट्राबाहेर मराठी शाळा चालवणाऱ्या आमच्यासारख्यांना या योगायोगाचे थोडे कौतुक वाटले तर वाचकांनी समजून घ्यावे.

परत १८४५ च्या डिसेंबराकडे. अँडरसन बर्लिनमध्ये होते. कीर्ती ऐन भरात होती, रोज कोणा ना कोणाकडे मेजवानी. २४ तारखेच्या संध्याकाळी मात्र प्रत्येक घराने असे धरले, की इतक्या मोठ्या माणसाला दुसऱ्या कोणाचे तरी बोलावणे असणारच. परिणाम असा झाला, की कोणीच बोलावले नाही. त्या रात्री ते खाणावळीच्या खोलीत एकटे बसले, खिडकी उघडली आणि चांदण्यांनी भरलेले आकाश पाहत राहिले. तेच त्यांचे त्या वर्षीचे झाड. ही गोष्ट बाहेर कळल्यावर स्वीडनची गायिका जेनी लिंड हिने वर्षाच्या शेवटच्या रात्री खास त्यांच्या एकट्यासाठी एक झाड सजवले.

आमच्या शाळेतही दरवर्षी एक-दोन मुले अशी असतात, की चवथीच्या सुट्टीनंतर वर्गात सगळे आपापल्या घरच्या गमती सांगतात तेव्हा ती पुस्तकात डोके घालून बसतात. आम्हां शिक्षकांपैकी काहींच्या ते उशिरा ध्यानात आले, हे कबूल करायला हरकत नाही.

आता कात्री. अँडरसन ज्या घरी जात तिथे बोलता बोलता खिशातून एक भली मोठी कात्री काढीत, कागद घडी करीत आणि गोष्ट सांगता सांगता कापत जात. काय होणार हे कोणाला कळत नसे. गोष्ट संपली की घडी उलगडत आणि आतून नर्तिका, राजहंस, पवनचक्की, वाडे, भुते काय वाटेल ते निघे. त्यांची अशी शेकडो कापकामे आज जपून ठेवलेली आहेत. बापाच्या कात्रीचा हा वारसा. आणि १८६० साली त्यांनी हिरव्या व सोनेरी कागदाचे एक विणलेले हृदय केले, ऑर्स्टेड यांची मुलगी माथिल्डे हिच्यासाठी. ऑर्स्टेड स्वतः तेव्हा हयात नव्हते. आज माहीत असलेले हे सर्वांत जुने विणलेले कागदी हृदय. ते ओडेन्सेच्या संग्रहालयात आहे. घरोघरी झाडावर अशी हृदये लागायला मात्र विसावे शतक उजाडावे लागले.

निस्सेचीही त्यांनी गोष्ट लिहिली आहे, १८५२ सालची. एका वाण्याच्या घरातला निस्से लोण्याच्या गोळ्यासाठी वाण्याकडे राहतो, पण माळ्यावरच्या गरीब विद्यार्थ्याच्या पुस्तकातून निघणारा प्रकाश पाहून त्याचा जीव तिकडे ओढतो. वाड्यात आग लागते तेव्हा तो वाचवतो ते पुस्तक. आग विझल्यावर मात्र त्याला पुन्हा लोणी आठवते. अँडरसन इतके प्रामाणिक होते!

माणूस म्हणून ते सोपे नव्हते हेही सांगितले पाहिजे. जरा टीका झाली की रडत. १८५७ मध्ये इंग्लंडात चार्ल्स डिकन्स यांच्या घरी गेले ते पाच आठवडे राहिले आणि यजमान इतके कंटाळले, की त्यानंतर डिकन्सनी पत्रव्यवहारच बंद केला. अँडरसनना कारण कधीच कळले नाही. आगीच्या भीतीने ते प्रवासात दोरखंड बाळगत. मुलांचे लाडके असले तरी मुलांनी अंगाखांद्यावर चढलेले त्यांना खपत नसे. त्यांच्या पुतळ्याच्या आराखड्यात पाठीशी मुले बिलगलेली दाखवली तेव्हा ते संतापले, कारण आपण नुसते मुलांचे लेखक नाही असे त्यांना वाटे. तो आराखडा बदलावा लागला. कोपनहेगनच्या राजबागेतल्या पुतळ्यात ते एकटेच बसलेले आहेत.

डिसेंबर १८६७ मध्ये ओडेन्सेने त्यांना सन्माननीय नागरिक केले आणि त्यांच्यासाठी गावात रोषणाई केली. ते चौदा वर्षांचे असताना एका जाणत्या म्हातारीने आईला तसे भाकीत सांगितले होते म्हणे. नगरभवनाच्या उघड्या खिडकीत ते उभे राहिले, खाली मुले नाचत होती, मशाली पेटल्या होत्या, आणि थंड वाऱ्याने त्यांची दाढ असह्य ठणकत होती. दोन्ही गोष्टी त्यांनी जशाच्या तशा लिहून ठेवल्या आहेत.

शेवटची वर्षे कोपनहेगनच्या मेल्किऑर नावाच्या ज्यू कुटुंबाने त्यांना सांभाळले. त्यांच्याच घरी ४ ऑगस्ट १८७५ रोजी, सत्तराव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. एडवर्ड आणि त्याची पत्नी यांनी ठरवल्याप्रमाणे पुढे त्या दोघांनाही त्यांच्याच शेजारी पुरले. काही वर्षांनी कोलिनांच्या नातेवाइकांनी त्या दोघांच्या अस्थी आपल्या कुटुंबाच्या जागी हलवल्या. अँडरसन तिथे पुन्हा एकटे.

२०१२ च्या डिसेंबरात डेन्मार्कमधून एक बातमी आली. ओडेन्से येथील एका दप्तरखान्यात जुन्या कागदांच्या तळाशी अँडरसनच्या विद्यार्थिदशेतली, कोणाला ठाऊक नसलेली एक गोष्ट सापडली होती. एका चरबीच्या मेणबत्तीची. मळक्या हातांनी हाताळून तिचा रंग काळवंडलेला असतो आणि आपला उपयोग काय हे तिला कळत नसते. मग एक आगपेटी तिला पेटवते. ही गोष्ट त्यांनी ओडेन्सेतल्या एका पाद्र्याच्या विधवेला अर्पण केली होती. लहानपणी त्यांना पुस्तके वाचायला देणाऱ्या त्या बाई.

हृदय करण्याची कृती अनेक पालकांनी मागितली, ती अशी. दोन वेगळ्या रंगांचे कागद घ्या. प्रत्येकाची लांबट पट्टी दुमडून दुहेरी करा. दुमडीच्या समोरची टोके कात्रीने अर्धगोल करा. दुमडीकडून आत सरळ चिरा द्या, दोन्हींत सारख्या. चिरांची लांबी पट्टीच्या रुंदीपेक्षा थोडी जास्त ठेवा. मग दोन्ही घड्या काटकोनात धरा आणि एकीची पट्टी दुसरीच्या पोटातून, पुढची तिच्यावरून, असे आळीपाळीने विणत जा. वर-खाली नव्हे, आतून आणि बाहेरून. इथेच सगळे चुकतात. बरोबर जमले तर हृदय परडीसारखे उघडते आणि त्यात चणे-शेंगदाणे राहतात. सहावीच्या वर्गात पहिल्या तासाला सतरा फाटली, दुसऱ्या तासाला चार. उरलेला घोटीव कागद कार्यालयात ठेवला आहे. ज्यांना हवा त्यांनी सुट्टी लागण्यापूर्वी घेऊन जावा.